शाल्मलीचं तिसरं प्रदर्शन

ते साल २००५, डिसेंबर महिना. त्या वर्षी यवतमाळात थंडी उशिरा पडली, आणि बऱ्याच शेतांतला कापूस शेवटची वेचणी व्हायच्या आधीच लोकांनी उपटून टाकला. वेचायची मजुरी निघण्याइतकं बोंडही नव्हतं म्हणे. कापसाच्या उपटलेल्या पऱ्हाट्या बांधांवर पडल्या आणि त्यांच्यावरचे किडे उडून गावात आले. आमच्या बागांत.

अखिल भारतीय पुष्पोद्यान मंडळाचा इतिहास अलीकडे छापून आला. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, पहिल्या अध्यक्षांपासून सगळ्यांचे फोटो. त्यात यवतमाळ शाखेला दीड ओळ आहे. स्थापना १९५८, विसर्जन २००७. दीड ओळीबद्दल माझी तक्रार नाही. पण या दोन सालांच्या मधे एक बाई होती आणि एक गुलाब होता, आणि त्यांना ओळखणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

शाखा सुरू झाली माझ्या सासूबाईंच्या ओसरीवर. वकील, डॉक्टर, कचेरीतले साहेब आणि त्यांच्या बायका, जिनिंगवाले. कापूस चांगला तर गुलाब चांगला, असं आम्ही गमतीनं म्हणायचो, पण ती नुसती गंमत नव्हती. गुलाबांना खत म्हणून सरकीची ढेप लागायची, ती जिनिंगवाले पोत्यांनी पाठवायचे. प्रदर्शनाचे चांदीचे चषकही त्यांचेच. मग एकेक जिनिंग बंद पडलं. लोहाऱ्याच्या वाटेवरच्या एका जिनिंगच्या आवारात तर बाभळी माजल्या. चषक थांबले, ढेप थांबली, पुढे माणसंही थांबली. २००५ साली आम्ही उरलो होतो एका सतरंजीवर मावण्याइतक्या.

सासूबाईंनी दोन गोष्टी घालून दिल्या होत्या. पहिली ब्रशची. परीक्षक यायच्या आधी फूल सजवायचं. म्हणजे मऊ केसांच्या ब्रशानं एकेक पाकळी हलकेच मागे वळवायची, आतली धूळ, किडा काढायचा. ब्रश पाण्यात बुडवायचा नाही, कारण थेंब पडला की पाकळीवर डाग उठतो. ब्रशाचं टोक ओठांत धरून जिभेवर ओलं करायचं. आम्ही सगळ्याजणी तसंच करत आलो.

दुसरी गोष्ट, कापसावरचं औषध गुलाबावर मारायचं नाही. पुढे पुण्याच्या मुख्य कचेरीनंही तो नियम सगळ्या शाखांना लावला. तंबाखूचं पाणी चालेल, निंबोळीचा अर्क चालेल, बाकी काही नाही. कारण प्रदर्शन संपलं की सगळ्या पाकळ्या गोळा करून आम्ही गुलकंद घालायचो. बरण्या उन्हात ठेवायच्या आणि उन्हाळ्यात सरकारी दवाखान्यातल्या लहान मुलांना नेऊन द्यायच्या.

कुंदा माझी मैत्रीण. तिचे यजमान अनंतराव जिल्हा कोर्टात शिरस्तेदार होते. त्यांना एकच मुलगी, शाल्मली. फाल्गुनात झाली तेव्हा त्यांच्या फाटकासमोरची सावर लाल फुलली होती, म्हणून सावरीचं हे संस्कृत नाव. शाल्मली कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना काविळीनं गेली. त्यानंतर कुंदा कुणाच्या घरी गेली नाही, फक्त शाखेत यायची. दोन गुलाबांचा संकर करून बी धरायचं, रोप वाढवायचं, फूल पाहायचं, नापसंत झालं की उपटायचं, असं तिनं वर्षानुवर्षं केलं. शेवटी एक रोप असं आलं की त्याच्या फुलाचा रंग थेट सावरीच्या फुलाचा. लाल, पण आत कुठेतरी नारिंगी. तिनं त्याला शाल्मली नाव दिलं.

मंडळाच्या नोंदणीत नवा गुलाब यायचा तर तो ओळीनं तीन वार्षिक प्रदर्शनांत मांडावा लागे आणि तिन्ही वेळा पुण्याहून आलेल्या परीक्षकानं पसंत करावा लागे. मधे खंड पडला किंवा नियम मोडला की गुलाब बाद. आणि एकदा बाद झालेलं नाव पुन्हा कुठल्याच गुलाबाला मिळत नसे. शाल्मलीची दोन वर्षं झाली होती. २००५ हे तिसरं.

प्रदर्शनाच्या आधी मी कुंदाकडे गेले तर ती मांडी घालून रोपापुढे बसली होती. कळ्यांत फुलकिडे शिरले होते. डोळ्यांना दिसतील न दिसतील असे, पण पाकळीची कड करपवून टाकणारे. शेजारी तंबाखूच्या पाण्याची बादली. अनंतराव खुर्चीत पेपर वाचत होते.

"काय वहिनी, तुमचं चहा-चिवडा मंडळ काय म्हणतं?" ते मला म्हणाले.

"चिवडा सगळ्यात जास्त तुम्हीच खाता," कुंदा मागे न बघता म्हणाली.

"फुकट मिळतो म्हणून. बरं, मी म्हणतो, बाजारात एवढी औषधं मिळतात. एक फवारा मारला की सुटलो. काहून हा तंबाखूचा पसारा?"

"मग ते फूल मांडता येणार नाही."

"कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना."

"आणि नाहीच फुललं तर?"

सर्दीनं कुंदाचं नाक बंद होतं. तिनं पदरानं ते पुसलं आणि पुन्हा कळीवर वाकली. अनंतरावांनी पेपर खाली ठेवला होता. ते कळीकडे बघत नव्हते, कुंदाच्या पाठीकडे बघत होते. ती हल्ली खूप वाळली होती.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी कुंदा आणि मी हॉलमध्ये टेबलं मांडायला गेलो. परत आल्यावर ती थेट झोपली. सकाळी अनंतरावांनी फुलं कापून, ओल्या फडक्यात गुंडाळून, रिक्षानं हॉलच्या दारापर्यंत पोचवली आणि ते घरी गेले. ते नेहमी चिवड्याच्या वेळेला यायचे. सजावट कशी चालते हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं.

कुंदानं फडकं सोडलं आणि माझा हात धरला.

"अनघे, बघ. एकही किडा नाही. लागू पडलं गं तंबाखूचं पाणी!"

फुलं खरोखर सुंदर होती. मला किंचित उग्र वास आला, पण त्या दिवसांत यवतमाळात तो वास कुठे नव्हता? एसटीत, बाजारात, लोकांच्या कपड्यांत, सगळीकडे तोच.

परीक्षकांचं होईपर्यंत कुंदा पाणीसुद्धा घेत नसे. तशीच उपाशी बसून ती पाकळ्या वळवत राहिली. एक पाकळी, मग ब्रश ओठांत. पुन्हा एक पाकळी, पुन्हा ओठांत. "आज तोंड फार कडू झालंय," एवढंच मधे म्हणाली. मी म्हटलं, "पित्त झालं असेल. थोडं लिंबूपाणी घे." "नंतर," ती म्हणाली.

पुण्याचे परीक्षक वयस्कर गृहस्थ होते. ते शाल्मलीपुढे बराच वेळ थांबले. मग चष्मा काढून म्हणाले, "बाई, हा रंग मी आजवर पाहिला नाही." शाखेची चिटणीस मी. मंजुरीचा कागद त्यांनी माझ्या हातात दिला. मी वळून कुंदाकडे पाहिलं. ती घामानं चिंब भिजली होती.

"अनघे, फुलं अशी धूसर का दिसताहेत गं?" ती म्हणाली. तिच्या तोंडातून लाळ गळत होती, आणि ती पुसायला हात वर गेला तो तसाच खाली आला. ती टेबलाला धरून खाली बसली आणि आडवी झाली.

आम्हाला वाटलं, हार्ट. दवाखान्यात तरुण डॉक्टर होता, राजदीप नावाचा, पांढरकवड्याकडचा. त्यानं तिच्या डोळ्यांत टॉर्च मारला आणि लगेच नर्सला इंजेक्शन भरायला सांगितलं. मग मला विचारलं, "काय घेतलं यांनी?"

"सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही."

"मावशी, मी ते विचारत नाही. बाहुल्या बघा, टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. कापसावरचं औषध आहे हे. कोणतं, ते सांगा."

"ती कशाला घेईल? आज तिच्या आयुष्यातला—"

"सगळे असंच म्हणतात, मावशी." तो चिडून बोलला नाही. थकून बोलला.

तेवढ्यात अनंतराव धावत आले. त्यांनी सगळं ऐकलं. भिंतीला हात टेकून त्यांनी औषधाचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "घरात होतं." राजदीपनं लिहून घेतलं. घरात होतं म्हणजे घेतलं. त्या वर्षी यवतमाळात याचा दुसरा अर्थ कुणी लावत नसे.

खाटा कमी होत्या, म्हणून असे सगळे रोगी एकाच खोलीत, मधे हिरवा पडदा. पडद्यापलीकडे खेमसिंग नावाचा एक बंजारी मजूर होता. त्याची बायको बसंतीबाई उशाशी बसून येईल त्याला एकच गोष्ट सांगत होती.

"त्यानं पेलं नाही. दुसऱ्याच्या तुरीवर फवारून राह्यला होता. वारा उलटा आला. कोनी ऐकत काहून नाही?"

तुरीचा मालक सकाळीच येऊन सांगून गेला होता की नवरा-बायकोचं भांडण होतं. त्यामुळे बसंतीबाईचं कुणी ऐकत नव्हतं.

व्हरांड्यात अनंतरावांनी मला सांगितलं. आम्ही टेबलं मांडायला गेलो तेव्हा त्यांनी बाजारातून बाटली आणली होती. फुलं धुवायच्या लहान पिचकारीत, कमी पडू नये म्हणून, झाकणभर ओतलं आणि कळीकळीच्या आत मारलं. तेवढं झाकणभर औषध पंपभर पाण्याला पुरतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी आयुष्यात कधी शेत केलं नव्हतं.

"पण तिच्या तोंडात कसं गेलं, वहिनी?"

मी त्यांना ब्रश सांगितला. मी हातानं करून दाखवलं, आणि अर्ध्यातच थांबले, कारण त्यांचा चेहरा बघवेना.

मग ते म्हणाले, "पोलीस जमादार जबाब घ्यायला येईल. मी खरं सांगून टाकतो. तिला लोक काय म्हणतील? लेक गेली म्हणून औषध प्यायली म्हणतील."

"सांगा."

"मग गुलाब बाद होईल."

"होऊ दे."

"हे तिला आधी विचारतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाला शुद्ध आली. तिला जरा बरं वाटत होतं. राजदीप म्हणाला, आजचा दिवस गेला की बघू, कधी कधी श्वास मागाहून जातो. अनंतराव तिच्या कानाशी वाकून सगळं बोलले. मी पायथ्याशी होते. ती ओरडली नाही, रडलीही नाही.

"झाकणभर?" तिनं विचारलं.

"हो."

"त्या लहान पिचकारीत?"

"हो."

"येडे आहात तुम्ही," ती म्हणाली, आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं. "मंजूर झालं ना गं?"

"झालं. कागद माझ्या पिशवीत आहे."

"मग पिशवीतच राहू दे. परत द्यायचा नाही."

अनंतराव म्हणाले, "कुंदा, लोक तुला—"

"लोकांचं मला काय? तिचं नाव एकदा खोडलं गेलं की परत लागत नाही. एकदा गेलीय ती. पुन्हा कशाला घालवता?"

जमादार दुपारी आला. जाडजूड, घाईत असलेला, पण उद्धट नव्हता. त्यानं स्टूल ओढलं. "बाई, काय झालं होतं? घरी काही कटकट?"

"काही नाही," कुंदा म्हणाली. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट होते. "यजमानांचा काही दोष नाही. मुलीची आठवण आली, घेतलं."

"स्वतःच्या हातानं?"

"स्वतःच्या हातानं."

अनंतराव खिडकीकडे तोंड करून उभे होते. जमादारानं लिहिलं, सही घेतली. मग पडदा बाजूला सारला आणि बसंतीबाईला म्हणाला, "ऐकलं का? शिकल्यासवरल्या बाईनं कसं सरळ सांगून टाकलं. आता तूही सांग. काहून ताणून धरलं?"

"माह्या माणसानं पेलं नाही," बसंतीबाई म्हणाली.

"पुन्हा तेच."

"पेलं नाही, साहेब. तुमाले हजार डाव सांगतलं."

"मालक म्हणतो भांडण झालतं. ह्या बाईले पाह्य, घरात सारं चांगलं असून घेतलं. तुह्या घरी तं काय होतं?"

कुंदा उशीवरून मान उचलायचा प्रयत्न करत होती. "जमादार," ती म्हणाली, "त्यांचं ऐका. त्या खरं बोलताहेत." पण आवाज पडद्यापर्यंतही पोचला नाही. मी उठून जमादाराच्या मागे व्हरांड्यात गेले आणि तेच सांगितलं. तो म्हणाला, "आजी, तुम्ही तिथे होत्या का, वावरात?" नव्हते. "मग?" असं म्हणून तो जिना उतरला.

मी परत आले तेव्हा बसंतीबाई पडद्याच्या कडेला उभी राहून कुंदाकडे बघत होती. रागानं नाही. एखाद्या दुकानदारानं माप मारलं तर बाई जशी बघते, तशी. कुंदानं डोळे मिटून घेतले.

"अनघे," ती मला म्हणाली, "हे मी हिशेबात धरलंच नव्हतं गं."

त्यानंतर ती नीट असं काही बोलली नाही. संध्याकाळी तिची मान उचलेना, मग श्वास लागेना. तिला नळी घातली. खेमसिंग त्या रात्री गेला, कुंदा त्यानंतर दोन दिवसांनी. दोघांच्याही कागदावर एकच वाक्य होतं, स्वतःच्या हातानं औषध घेतलं.

इकडे हॉलमध्ये पाकळ्या तशाच टोपल्यांत होत्या. गुलकंदासाठी खडीसाखर येऊन पडली होती. त्या सगळ्या पाकळ्या मी मागच्या अंगणात खड्डा खणून पुरल्या, कारण शाल्मलीच्या पाकळ्या कोणत्या आणि इतरांच्या कोणत्या, हे आता वेगळं करता येत नव्हतं. बायका विचारायला लागल्या. सत्तेचाळीस वर्षांत गुलकंद चुकला नव्हता. मी कारण सांगू शकत नव्हते. म्हटलं, सुतकात बरं दिसत नाही. "मुलांना खाऊ द्यायला सुतक कसलं?" एकजण म्हणाली. दुसरी म्हणाली, "चिटणीसबाईंनी बरण्याच विकल्या असतील." पुढच्या बैठकीला निम्म्याच आल्या.

आता ज्याचं त्याचं काय झालं ते सांगते.

राजदीप डॉक्टर दोन वर्षांनी बदली घेऊन गेला. जाताना मला भेटला. म्हणाला, "मावशी, त्या आजींच्या तोंडातून पोटात फार थोडं गेलं होतं. प्यायलेल्यांचं तसं नसतं. मला तेव्हाच विचारायला हवं होतं." मी विषय बदलला. आता तो नागपूरला असतो असं ऐकते.

शाखेचं पुढचं प्रदर्शन झालंच नाही. २००७ च्या उन्हाळ्यात मीच विसर्जनाचा ठराव लिहिला आणि सही करायला चौघी आल्या. सासूबाईंचा ब्रश मी चुलीत घातला.

अनंतराव आणखी नऊ वर्षं जगले. रोप त्यांनी माझ्याकडे आणून दिलं, म्हणाले, मला त्याला पाणी घालवत नाही. ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना ते सांगत राहिले, "हो, आठवण यायची तिला." कधी चुकले नाहीत. शेवटच्या आजारात मात्र ते तोंडात चमचा घेत नसत. दात घट्ट आवळून धरत. नर्सला वाटायचं, हट्ट करतात.

बसंतीबाई मला एकदाच भेटली, दारव्ह्याच्या बाजारात. वांगी घेऊन बसली होती. तिनंच मला ओळखलं.

"तुमची ती फुलवाली बाई," ती म्हणाली, "तिनं खरंच पेलं होतं का वं?"

तोवर अनंतरावही गेले होते. मी म्हटलं, "नाही."

"मंग खोटं काहून बोलली? तिच्या बोलण्यानं माह्या माणसाचं खोटं ठरलं."

"मुलीसाठी बोलली," मी म्हटलं, आणि तिला सगळं सांगितलं. ती ऐकताना गिऱ्हाइकांना वांगी तोलून देत होती.

शेवटी म्हणाली, "लेकी मलेही हायेत, बाई. त्याइले गावात इचारतात, तुमच्या बापानं काहून पेलं म्हणून." मग मला विचारलं, "किती देऊ?" मी वांगी घेतली आणि जीपमध्ये येऊन बसले.

शाल्मली मंडळाच्या नोंदणीत आहे. छापील इतिहासाच्या शेवटी नव्या गुलाबांची नावं दिली आहेत, त्यांत ती आहे. रंग, साल, निर्मातीचं नाव, सगळं बरोबर. नोंदणीसाठी मंडळाच्या पुण्याच्या बागेत पाठवलेलं रोप मात्र कधीच मेलं असं कळलं. माझ्या अंगणातलं रोप कुंदानं केलेलं कलम होतं, देशी गुलाबाच्या खुंटावर शाल्मलीचा डोळा भरलेलं. एका उन्हाळ्यात वरचा डोळा वाळला आणि खालून खुंटच फुटून आला. त्याला आता फिक्या गुलाबी, लहान लहान फुलांचे झुबके येतात. रंग सावरीचा नाही. फुलकिडे त्याच्यातही शिरतात. मी त्यांना काही करत नाही.